कलम चोवीस

किन्हीराजा गावाच्या अलीकडे सोयाबीन तेलाचा कारखाना आहे, आणि त्या कारखान्यात पर्यावरणाच्या कायद्यांची एक नोंदवही आहे. पाण्याचा कायदा, हवेचा, घातक कचऱ्याचा, असे एकूण त्रेचाळीस. प्रत्येकापुढे विचारलेलं असतं: पालन होतं का? आधीच्या बाबूने वरपासून खालपर्यंत 'होय' लिहून ठेवलं होतं. देवसुद्धा इतक्यांदा हो म्हणत नाही.

आता ती वही कारखान्यातल्या कारकून योगिनीकडे होती. तिची आत्या पंचफुला कारखान्याच्या खालच्या अंगाला राहायची. दोन वर्षं झाली, कारखान्याचं सांडपाणी नाल्याने उतरायचं आणि आत्याच्या विहिरीवर तेलाचा तवंग धरायचा. साठी उलटलेली बाई शाळेच्या हापशीवरून डोक्यावर हंडा आणायची. भेटली की म्हणायची, "वही तुह्याच हातात हाये ना माय? मंग लिहीत काहून नाही?"

यंदा योगिनीने लिहिलं. पाण्याचा कायदा, कलम चोवीस: नाल्यात, विहिरीत घाण सोडायची नाही. पालन होतं का? 'नाही.' तेही लाल शाईने. नोकरी जाईल, असं घरी सांगूनही ठेवलं. मॅनेजर दौलतरावांनी पान पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. शहाणीने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पर्यावरणाच्या प्रमाणपत्रासाठी वही तपासायला नागपूरहून साहेब आले. पानं उलटत बरोबर तिथेच थांबले. 

"हे कोणी लिहिलं?"

"मी, सर."

"छान! लोक लपवतात. तुम्ही स्वतःची चूक स्वतः शोधलीत. आता फक्त पुढे उपाय आणि तारीख टाका."

"आणि त्या तारखेला झालं नाही तर?"

"कारण लिहून पुढची तारीख टाकायची."

"सर, विहीर इथून दहा मिनिटांवर आहे. एकदा बघता?"

"ताई, मी वही तपासायला आलोय," साहेब समजुतीने म्हणाले.

दौलतरावांनी सांगितलं, तिने लिहिलं: 'नवीन टाकी, पुढचा मार्च.' कारखाना पास झाला, पेढे वाटले गेले. योगिनीने आपला पेढा तसाच टेबलावर ठेवला. लाल शाईचा तिला कोण अभिमान वाटला होता, त्याचीच आता लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती आत्याकडे गेली. आत्याचा चेहरा फुललेला. योगिनी आल्या आल्या तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"समजलं मले! तुमच्या कारखान्यातला लखन सांगून गेला, कारखाना पास झाला म्हने. साहेबानं तुही वही वाचली ना?"

योगिनीने तांब्यात पाहिलं. वर बारीक तवंग फिरत होता.

"आत्या, हे कुठलं पाणी?"

"आपल्या हिरीचं. पास झाला ना कारखाना? आता कायले जाऊ हापशीवर? सकाळपासून हेच पिऊन राह्यली मी."

"पिऊ नको गं! काही झालं नाही अजून."

"मंग पास कायचा झाला?"

 योगिनीच्या तोंडून निघून गेलं, "मार्चमध्ये टाकी होणार आहे." दौलतराव बोलतात तसंच आपण बोललो, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"कोन्त्या मार्चात?" आत्याने विचारलं.

  उत्तराची वाट न बघता तिने तांब्या अंगणात ओतला, खुंटीवरची चुंबळ काढली आणि हंडा घेऊन हापशीच्या वाटेला लागली.