बुढ्याचं तोंड

त्या दिवशी धुळवड नव्हती. होळीला चार महिने अवकाश होता, कापसाची दुसरी वेचणी चालू होती, आणि सकाळी दहाच्या उन्हात अमृतराव बुढ्याचं तोंड लावून भर गावातून चालले होते.

ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या बाया आधी दचकल्या, मग हसल्या.

"अगे माय, बुढा! काऊन रे बुढ्या, कॅलेंडर हारपलं का?"

"होळीले उशीर आहे बुढेबाबा, जाऊन झोप!"

बुढा चालत राहिला.

थांबा. इथून पुढं गेलो तर तुम्हीही त्या बायांबरोबर हसाल. आधी मागचं सांगतो.

*नियम*

गाव पैनगंगेच्या अलीकडचं, तेलंगणातलं, बेल्याच्या बाजूचं. शाळा तेलुगूची, भजन मराठीचं. बुढ्याचं तोंड म्हणजे मुखवटा, अमृतरावांच्या आज्याच्या काळात निर्मल गावच्या कारागिराकडून आणलेला, पोनिकीच्या हलक्या लाकडाचा. फुगलेले गाल, पुढं आलेला एक दात, सुतळीच्या भुवया. वर्षभर तो मारुतीच्या देवळात खुंटीवर असतो. धुळवडीच्या दिवशी गावातला एकजण तो लावतो आणि बुढा होतो. बुढा कोणाचीही नक्कल करतो. सरपंचाची, पटवाऱ्याची, नव्या जावयाची. आत कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, आणि नाव कोणी घेत नाही. ज्याची नक्कल झाली त्यानं हसायचं, हात जोडायचे, बुढ्याच्या गळ्यात गाठीचा हार घालायचा. संध्याकाळी देवळापुढच्या हापशीवर बुढ्याचं तोंड धुवायचं. एकानं हापसायचं, एकानं धुवायचं, सात हापसे. बोललेलं पाण्याबरोबर गेलं. त्यानंतर विषय काढायचा नाही. सोंगाचं कोणी मनावर घेत नाही.

नियम चांगला आहे. त्यानं गावातली भांडणं कमी झाली. अमृतराव मात्र अकरा वर्षं या नियमाच्या आड बसून राहिले. तिथं वारा लागत नव्हता.

*हात*

चंपतराव गायचे, अमृतराव मृदंग वाजवायचे. दर शनिवारी, मारुतीच्या देवळात, तीस वर्षं. पल्याडची माणसंही नदी ओलांडून ऐकायला यायची. जाताना म्हणायची, "काय गातो बावा चंपतराव!" मृदंग कसा वाजला हे कोणी म्हणत नसे. मृदंग काय, वाजतोच.

गाताना चंपतरावांचे डोळे मिटत आणि डावा तळवा सतरंजीवर हळूच दोनदा थोपटला जाई. लोकांना वाटे, ताल धरतात. मृदंगवाल्याला कळत होतं की हा ताल नव्हे. चंपतरावांची बायको रुक्माबाई वारली त्या वर्षी, बांधावर भाकर खाताना, त्यांनी विचारलं.

चंपतराव बराच वेळ भाकरीवर ठेचा पसरत राहिले. "रुक्मा सैपाक आटपून उशिरा ये ना. पायरीशीच उभी राहे, लोकाईत बसाले लाजे. मी गाता गाता हात थोपटो. बस म्हणून. आता थे नाही. पण हाताले कोण सांगन?"

मग म्हणाले, "कोणाजोळ बोलू नको बे."

*धुळवड*

पुढच्याच धुळवडीला तोंड अमृतरावांकडे आलं.

सरपंचाची नक्कल झाली, जावयाची झाली. लोक हसले, पण जेमतेम. आत लाकडाचा वास, स्वतःचाच गरम श्वास, आणि दोन भोकांतून दिसणारं अर्धं गाव, अजून हसायला तयार असलेलं. बुढा मातीत मांडी घालून बसला. मान तिरपी केली, लांब आलाप लावला, आणि डावा तळवा मातीवर दोनदा थोपटला.

"रुक्मे, बस वो! उभी काऊन? जागा धरून ठेवली ना तुयासाठी!"

आणि बूड सरकवून बुढ्यानं शेजारी जागा करून दिली.

मग तीस वर्षं पाहिलेल्या त्या हाताचा अर्थ साऱ्यांना एकदम कळला, आणि असं हसू फुटलं की बाया पदर तोंडात कोंबून खाली बसल्या. असं हसू अमृतरावांच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं.

हसणाऱ्यांत चंपतरावही होते. त्यांनी हात जोडले. गाठीचा हार बुढ्याच्या गळ्यात घातला. संध्याकाळी हापशीचा दांडाही त्यांनीच धरला. सात हापसे. एकही कमी नाही.

शनिवारी ते देवळात आले, नेहमीच्या जागी बसले. अमृतरावांनी मृदंगाला कणीक लावली, थाप दिली, वाट पाहिली.

"घसा बसला गड्या," चंपतराव म्हणाले.

पुढच्या शनिवारीही बसलेलाच होता. त्याच्या पुढच्याही. मृदंगावरची कणीक वाळली आणि पापुद्रे सुटून गळून पडली.

*माफी*

चार वर्षांनी अमृतरावांनी विषय काढला. अदिलाबादच्या कापूस मार्केटात, गाड्यांच्या रांगेत. घरी येऊन बायकोला, राहीबाईंना, त्यांनी सांगितलं ते असं:

"मी म्हटलं, त्या धुळवडीचं मनात ठेवू नको. त् थो म्हणते, तू कुठं होता तथी? बुढा होता. विषयच बंद केला त्यानं. आता मी काय करू?"

"तुमी तरी काय करसान," राहीबाई म्हणाल्या, आणि चुलीकडे वळल्या.

असं झालं. सध्या असंच झालं असं धरून चला.

*करोना*

त्या वर्षी साऱ्या गावानं तोंड बांधलं. चंपतराव रस्त्यात भेटले तरी डोळेच दिसत. अमृतरावांना त्या वर्षी बरं वाटलं.

*आज*

सकाळी राहीबाई सांगत आल्या. "चंपतभाऊजी आज जाऊन राह्यले. पोरगा राजकुमार न्याले आला निजामाबादहून. कायमचे. कुलूप पाहून आली मी, नवीन आहे. मोठं."

अमृतराव चहा अर्धा ठेवून उठले.

"जाऊन काय म्हणसान?"

तेच त्यांना ठाऊक नव्हतं. देवळापर्यंत पाय पोचले तेव्हा सुचलं: बोलला बुढा, तर माफीही बुढ्यानंच मागावी. ज्या तोंडानं घाव घातला त्याच तोंडानं हात जोडावेत. नियमही मोडणार नाही. त्यांना ही युक्ती फार चांगली वाटली. खुंटीवरून मुखवटा काढला. नाकाच्या आतल्या बाजूला कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, ते नखानं खरडलं, आणि तोंड लावलं.

हसणाऱ्या बाया तुम्हाला आधी भेटल्याच आहेत.

चंपतरावांच्या अंगणात पांढरी कार उभी होती. राजकुमार डिक्कीत तुरीच्या डाळीचं पोतं बसवत होता. चंपतराव धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. बुढा त्यांच्यापुढे मातीत बसला.

"चंपत," लाकडाआडून आवाज घुमला, "बुढा चुकला. बुढ्याले माफ कर."

राजकुमार हसला आणि व्हिडिओ घ्यायला त्यानं मोबाईल काढला. चंपतरावांनी हात जोडले, अगदी त्या दिवसासारखे. हसलेही तसेच.

"काय बुढेबाबा! सोंगाचं कोणी मनावर घेते का?"

आत अमृतरावांनी हिशेब लावला. सोंगाची नक्कल मनावर घ्यायची नाही. मग सोंगाची माफी तरी कोण घेणार? त्यांनी तोंड काढलं. ऊन डोळ्यांत गेलं.

"मी होतो, चंपत. मीच होतो."

चंपतरावांचं हसू थोडा वेळ तिथंच राहिलं, विसरल्यासारखं. मग गेलं. त्याखाली जो चेहरा होता तो अमृतराव अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहत होते.

"मोबाईल ठेव," चंपतराव पोराकडे न बघता म्हणाले. मग अमृतरावांना, हळू आवाजात, "थे म्या तुले सांगतलं होतं. बुढ्याले नाही."

अमृतरावांनी बुढा मांडीवर ठेवला.

"मार्केटात इचारलंही होतं तुले."

थांबा. मार्केटातलं वर जे सांगितलं ते खोडा. तसं झालं नव्हतं.

*माफी, झाली तशी*

गाड्यांची रांग होती. अमृतराव म्हणाले, "त्या धुळवडीचं मनात ठेवू नको." चंपतरावांनी विचारलं, "तू कुठं होता तथी?"

आणि थांबले.

हे थांबणं अमृतरावांनी राहीबाईंना सांगितलं नव्हतं. पुढची गाडी सरकली, मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी चंपतराव त्यांच्या तोंडाकडे पाहत थांबले होते. तो प्रश्न होता. उत्तर दोन शब्दांचं होतं.

"मी कुठं?" अमृतराव म्हणाले. "बुढाच होता."

"हो," चंपतराव म्हणाले. "बुढाच होता." आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.

*आज, पुढे*

"अकरा वर्सं वाट पाह्यली बे," चंपतराव म्हणाले, "का तू उघड्या तोंडानं येशीन. आज आला. त् थेही लावून आला."

"आता काढलं ना गड्या."

"मी हसल्यावर काढलं."

मांडीवर बुढा उताणा पडला होता, एक दात वर करून. अमृतरावांनी विचारलं, "घसा कसा आहे?"

"घश्याले काय झालं? कधीच काही झालं नव्हतं."

राजकुमारनं दार उघडून धरलं. चंपतराव मागच्या सीटवर बसले. शेजारची जागा रिकामी होती. हात त्यांनी मांडीवर ठेवले, एकावर एक, घट्ट. कार सुरू झाल्यावर काच खाली केली.

"धुऊन टांग थे. कुंभारीण घर करते त्यात."

कार गेली. धूळ कुलपावर बसली.

देवळापुढच्या हापशीचा दांडा एका बाजूला, तोटी दुसऱ्या बाजूला. अमृतरावांनी दांडा जोरात दाबला, मुखवटा घेऊन वळसा घालून तोटीपाशी आले. तोवर धार संपून थेंब राहिले होते. पुन्हा गेले. दाबलं. पुन्हा आले. सदुसष्ट वर्षांचे गुडघे.

ओट्यावरची एक बाई शेंगांचं सूप ठेवून उठली. "थांबा अमृतमामा, मी हापसून देते."

"नको," अमृतराव म्हणाले, आणि परत दांड्याकडे गेले. मुखवटा अजून कोरडाच होता.