टेनरवाचून

"देश सोडायची एक्झिट मिळाली?" दार उघडताच अनुष्कानं विचारलं.

"मला मिळाली. हिला नाही," जगदीश म्हणाला.

अनुराधा वाकून चपला काढत राहिली. सौदीतल्या कतीफच्या एका इस्पितळात तिचा नवरा जगदीश कारकून, ती ब्लड बँकेत. आखाती युद्ध पेटलं तसे ब्लड बँकेतल्या सगळ्यांचे पासपोर्ट इस्पितळानं अडकवून ठेवले. कारकुनावाचून कुणाचं अडत नव्हतं.

"मी जात नाही," जगदीश म्हणाला.

"मिरजेत आपली पोर रेडिओला कान लावून बसलीय," अनुराधा म्हणाली. "आईबापातलं एक तरी दिसू दे तिला. उद्या जेद्द्याची बस धरायची, विमान तिथूनच. खलास."

अनुष्काचा नवरा सुमीत हसला. "अरे, पण चाल कोण म्हणणार? माझ्या खर्जातल्या आवाजानं नुसत्या भिंती हलतात."

चौघं मिरजेच्या एकाच चर्चमधले. दर शुक्रवारी दुपारी इथं जमून चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी स्तोत्रं गात, चार आवाजांत, वाद्याशिवाय. जिथं ख्रिस्ती प्रार्थनाच मना, तिथं वाद्य कुठलं! या स्तोत्रांची मुख्य चाल टेनरकडे, म्हणजे पुरुषांतल्या वरच्या आवाजाकडे, जगदीशकडे असे. बाकीचे तिघे तिच्या अंगानं जात. एरवी एसी मोठा लावून दबक्या आवाजात चाले. आता विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांच्या फटी टेपनं बंद केलेल्या. त्या दुपारी सगळे मोकळ्या गळ्यानं गायले. मिरज सोडल्यापासून अनुराधानं जगदीशचा पुरा आवाज ऐकला नव्हता. ती दोनदा आपली ओळ चुकली.

शनिवारी तो गेला.

पुढच्या शुक्रवारी तिघंच उरले. "चाल अनुष्काला देऊ या," सुमीत म्हणाला. "निदान गाणं ओळखू तरी येईल."

"नको," अनुराधा म्हणाली. "तिला तिची ओळ येते, मला माझी. तसंच गाऊ."

गायले. स्वर बरोबर होते, पण गाणं होत नव्हतं. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच दार वाजलं. सुमीत गारठला. अनुराधानं उठून दार किलकिलं केलं. इमारतीचा राखणदार अली उभा होता.

"सिस्टर, कोई रोता है अंदर?"

"नहीं, अली. सब ठीक है."

तो जिना उतरेपर्यंत ती थांबली. मग जागेवर येऊन बसली, घसा साफ केला.

"दुसरं कडवं," ती म्हणाली.