डावी बाजू खायची, उजवी बाजू पुसायची

मी एक जुने यंत्र आहे आणि माझे तुमच्याशी फारसे बरे नाही. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. नाणे टाकून बटण दाबायचे आणि वस्तू पडायला जरा उशीर झाला की लाथ मारायची, हे करणारे तुम्हीच. माझा खालचा पत्रा आत गेला आहे, तो तुमच्या बुटांमुळे. आता मी एका टेम्पोत आडवा पडलो आहे, पोटावर दोर आवळला आहे आणि भंगाराचे दुकान जवळ येते आहे. तेवढ्यात बोलून घेतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझी काच बसवणाऱ्या बाईने ती पुसली, तिच्यात बघून स्वतःचे केस नीट केले आणि म्हणाली, “छान दिसतोयस.” पुढे बरीच वर्षे मी एका दवाखान्यात बाकांसमोर उभा होतो. तिथली माणसे हळू बोलत, बटणही हळू दाबत. मग तिथे नवे, चकचकीत यंत्र आले आणि माझी उचलबांगडी झाली.

मला विकत घेतले दोन साडूंनी. सख्ख्या बहिणींचे नवरे, पण एकमेकांना पाण्यात पाहणारे. आणि धंदा काय काढला, तर गाड्या धुण्याचा! बहिणींनी हट्टाने ही भागीदारी जुळवली होती. ती टिकली तरच मी टिकणार, हे मला पहिल्याच दिवशी कळले. मला एकट्याने सांभाळण्याइतका जीव दोघांपैकी एकाचाही माझ्यावर नव्हता.

थोरले गिऱ्हाइकांच्या बाकांपाशी खुर्ची टाकून बसत. तिथे गाडी धुऊन होईपर्यंत लोक जांभया देत. धाकटे पाण्याच्या नळ्यांपाशी उभे असत. तिथे काही लोक स्वतःच गाडी धूत आणि नंतर रुमालाने काच पुसायला बघत. माझ्यात माल कोणता भरायचा, यावरून पहिल्याच सकाळी जुंपली.

“लोक इथे वाट बघत बसतात. त्यांना खायला द्या,” थोरले म्हणाले.

“लोक इथे गाडी पुसतात. त्यांना फडकं द्या. खायला काय, घरी मिळत नाही?”

“आणि फडकं घरी मिळत नाही वाटतं?”

खरे तर दोघांचेही बरोबर होते. बसलेल्याला भूक लागते आणि धुणाऱ्याला फडके लागते, यात भांडण्यासारखे काय आहे? पण समोरचा बरोबर असला की या दोघांच्या पोटात दुखे. शेवटी माझ्या काचेवर मधोमध लाल चिकटपट्टी लावली गेली. डावी बाजू खायची, उजवी बाजू पुसायची. डावीकडे थोरल्यांची बिस्किटे, चॉकलेटे आणि लिंबाच्या गोळ्या. उजवीकडे धाकट्यांची फडकी, स्पंज आणि गाडीत ठेवायच्या सुगंधी वड्या. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले.

चॉकलेटे उन्हाने वितळली. फडकी जाड घड्या घालून कोंबली होती, ती माल पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगांत अडकली. मी काय करणार? पण लाथ मलाच. थोरले मला ‘करंटं’ म्हणत, धाकटे ‘डबडं’. मीही त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत असे, ते लहान मुलांसमोर सांगत नाही.

मग एकदा धाकट्यांच्या सुगंधी वड्या जास्त आल्या. उजवीकडे जागा उरली नव्हती. डावीकडे लिंबाच्या गोळ्यांशेजारची एक स्प्रिंग रिकामी होती. धाकट्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि पट्टी ओलांडून वड्या तिथे भरल्या. पिवळ्याधमक, लिंबाच्या वासाच्या, कागदावर लिंबाचे चित्र असलेल्या. थोरल्यांनी खुर्चीवरून ते पाहिले. त्यांनी फक्त उठून येऊन एक वाक्य बोलायचे होते. ते बोलले नाहीत. “होऊ दे एकदाची फजिती,” असे पुटपुटले आणि पाय पसरून बसले. त्या क्षणापासून मी त्या माणसाचा जो तिरस्कार करतो आहे, तो माझा पत्रा वितळेपर्यंत जाणार नाही.

एका चिमुरडीने बटण दाबले. मला थांबवता येत नाही, मित्रांनो. स्प्रिंग फिरली, वडी पडली, तिने कागद फाडला आणि कचकन चावा घेतला.

तिच्या बापाने तिच्या तोंडावर पाण्याचा मारा केला. ती थुंकली, खोकली, रडली. तिने काही गिळले नव्हते म्हणून निभावले. मग बापाने माझ्या काचेवर अशी लाथ घातली की ती वरपासून खालपर्यंत तडकली. दोघे साडू धावत आले आणि कधी नव्हे ते एकमेकांशी बोलले.

“तुमचा माल माझ्या ओळीत आलाच कसा?”

“ओळीवर तुमचं नाव लिहिलंय?”

“मी बघत होतो ना तुम्हाला भरताना!”

“बघत होतात? आणि गप्प बसलात, साडूभाऊ?”

थोरल्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिले. धाकट्यांनी जमिनीवरच्या फाटक्या कागदाकडे. मग दोघांनी हळूहळू माझ्याकडे पाहिले.

“हे मशीनच मुळात वाईट,” थोरले म्हणाले.

“पहिल्यापासूनच,” धाकटे म्हणाले.

इतक्या दिवसांत त्यांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीवर, आणि ते माझ्या जिवावर. भागीदारी वाचली. घरी दोघी बहिणी खूश असतील.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही, ती वेळ गेली. पण पुढच्या यंत्राला लाथ मारण्याआधी एवढे विचारा, की ते भरणारे हात एकमेकांशी बोलतात का.

मला टेम्पोत चढवताना भंगारवाल्याला माझ्या आत अडकलेला एक बिस्किटांचा पुडा आणि एक फडके सापडले. “हे कुणाचं?” त्याने विचारले. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. त्याने दोन्ही उचलली.

आता टेम्पो चौकात थांबला आहे. केबिनच्या मागच्या काचेतून मला भंगारवाला दिसतो. त्याने बिस्किटे खाल्ली आणि त्या फडक्याने हात पुसले.