शेजाऱ्यांनी किल्ली दिली

२०१९ सालची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते. शेजारची दुर्गा मावशीचं आजारपण काढायला कणकवलीला गेली आणि जाताना नेहमीसारखी खोलीची किल्ली आमच्या दाराआडच्या खिळ्याला अडकवून गेली. परळची आमची चाळ गिरणीची. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळीवर जाणारा अख्खा मजला त्याच खिळ्याला किल्ल्या टांगायचा. पुढे गिरणी बंद पडली आणि चाळ दिल्लीच्या एका खात्याकडे गेली.

त्या खात्याचे साहेब एका दुपारी दारात उभे. "शामराव, बाजूची खोली मोजायचीय. किल्ली आहे ना?"

आमच्या ह्यांनी किल्ली दिली, वर चहाही पाजला. साहेबांनी खोली मोजली, स्वतःचं कुलूप लावलं आणि त्यावर सील ठोकलं.

"अहो, हे काय?" मी ओरडले.

"ताबा मिळाला. तुम्हीच राजीखुशीने किल्ली दिलीत ना!"

"ती दुर्गाची खोली आहे!"

"तिच्या वडिलांच्या नावावर होती. ते वारले. लग्न झालेली मुलगी वारस धरायची नाही, असं दिल्लीचं परिपत्रक आहे."

विधवा होऊन बापाकडे परत आलेली पोर ती. कणकवलीहून धावत आली. कपडे, भांडी, सगळं आत. आमच्याकडेच राहिली. खात्यात गेलो की म्हणत, दिल्लीला विचारा. दिल्ली म्हणे, मुंबईचं मुंबईने बघावं.

मी घरी येऊन ह्यांच्यावर तोंड सोडायची. "किल्ली काय प्रसाद आहे, मागेल त्याला द्यायला?"

"अगं, सरकारी माणूस होता."

"मग तर दहादा विचारायचं!"

शेवटी माझी वकील भाची रश्मी हिने हायकोर्टात अर्ज केला. न्यायमूर्तींनी खात्याच्या वकिलांना विचारलं, "खोली कुठल्या कायद्याने घेतलीत?"

"परिपत्रक आहे, माय लॉर्ड."

"परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. घटनेने सरकारी खात्यालाही हद्द घालून दिलीय. नोटीस दिलीत? बाईंचं म्हणणं ऐकलंत?"

"शेजाऱ्यांनी किल्ली दिली."

"शेजाऱ्यांची खोली होती का?"

मागच्या बाकावर आमचे हे मान खाली घालून बसले होते. ताबा परत द्या, हवं तर कायद्याने रीतसर या, असा हुकूम झाला. सील निघालं. तांदळात किडे झाले होते, पण दुर्गा त्या रात्री आपल्या घरात झोपली.

साहेबांना बढती मिळाली. ते नागपूरला गेले. खात्याने पुढे रीतसर नोटीस काढली, तिची सुनावणी अजून चालूच आहे आणि दुर्गा खोलीतच आहे. रश्मी आता वडाळ्याच्या चाळींतल्या लोकांची असलीच प्रकरणं लढवते. आमचे हे २०२२ मध्ये वारले. दुर्गा किल्ली आजही आमच्याच खिळ्याला लावते. परवा गॅसचं मीटर बघायला एक जण आला, त्यालाही मी विचारलं, "कुठल्या कायद्याने?" बिचारा आकडा न घेताच गेला.