हरणाचे डोळे

नुसते चालण्यासाठी चालणे ही गोष्ट जोहे गावच्या कृष्णाबाईंना ठाऊक नव्हती. पाय माणसाला कामावर नेण्यासाठी असतात, असे त्यांचे मत. त्यामुळे पेणच्या नव्या बागेत बूट घातलेली माणसे एकाच गोल वाटेवरून पुन्हा पुन्हा जाताना दिसली, तेव्हा त्या फाटकातच थांबल्या.

"यांचं काही हरवलंय का रे?"

"आजी, व्यायाम आहे तो," नातू मितेश हसला. "चल, माझी जनावरं दाखवतो."

बागेतली सिमेंटची जनावरे मितेशने केली होती, आणि ती दाखवण्यात त्याचा हेतू होता. त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी हे शेवटचे आणि सर्वांत मानाचे काम. पती गेल्यापासून तीस वर्षे ते कृष्णाबाईंनी दुसऱ्या कोणाला करू दिले नव्हते. गेल्या वर्षी मात्र त्यांचा हात कापू लागला. यंदा तो कुंचला कोणाला द्यायचा, ते जनावरे पाहून ठरवीन, असे त्यांनी घरात जाहीर केले होते. मितेशखेरीज दुसरे नाव कोणी घेतलेही नव्हते. मागून त्याची बायको नम्रता पिशवी घेऊन येत होती. धरमतरच्या मिठागरावरची ती मुलगी. रंग खलण्यापलीकडचे काम कृष्णाबाई तिला कधी सांगत नसत.

हिरवळीच्या कडेला 'गवतावर चालू नये' अशी पाटी होती.

"मग लावलंय कशाला? वाळवणाला?"

पुढे कारंजे होते. पाणी वर उडवायचे, तेच खाली पाडायचे आणि त्यासाठी चार माणसांनी तोंड उघडे टाकून उभे राहायचे, हे त्यांनी क्षणभर पाहिले आणि पदर सावरून त्या पुढे निघाल्या.

पहिल्या वळणावर हत्ती आला. कृष्णाबाईंनी त्याला एकदाच न्याहाळले.

"हे डोळे आहेत की सदऱ्याची बटणं?"

"सिमेंट रंग ओढून घेतं, आजी."

"आणि माती काय हात जोडून उभी राहते?"

करंजाच्या झाडामागे हरीण होते. त्याच्यापुढे रोह्याहून आलेली एक म्हातारी चपला काढून उभी होती. हरणाच्या पायाशी जास्वंद होती आणि दुर्वाही होत्या.

"चारा घातलात वाटतं?" कृष्णाबाईंनी विचारले.

"हसू नको गो बाय," म्हातारी म्हणाली. "कुठूनपन बघ, आपल्याकडंच बघतो हाय तो."

कृष्णाबाई डावीकडे गेल्या, मग उजवीकडे आल्या. नजर सोबत आली. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढलेली, मध्ये भरलेली, टोकाला केसासारखी. बुबुळ पापणीखाली तीळभर दडलेले. ही त्यांची स्वतःची रीत होती, आणि ती त्यांनी कोणालाही शिकवली नव्हती.

"हे कोणी काढले?"

"मीच की," मितेश म्हणाला.

"तूच? मग हत्तीनं तुझं काय वाकडं केलं होतं?"

मितेश करंजाकडे पाहू लागला. कृष्णाबाई मागे वळल्या. नम्रता पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"बोल गो."

"यांना ताप होता, आजी. ठेकेदार दुसऱ्या दिवशी येनार होता. एवढं एकच ऱ्हायलं होतं, म्हनून मी..."

"कोणी शिकवलं?"

"कोनी नाय. तुमचा रंग खलताना बघत ऱ्हायले."

"पाहिलंस, पण अक्कल चालवली नाहीस. जनावराची नजर वाऱ्यावर असते, माणसावर नसते. तू हरणाला देवाचे डोळे दिलेस. उद्या इथे नारळ फुटतील, आणि बाग झाडणारा तुझ्या नावानं बोटं मोडील."

"व्हय, आजी." नम्रताची मान खाली गेली.

"मान वर कर. यंदा डोळे आखायला माझ्या पाटावर तू बसायचंस. तिथं निदान देवाचे डोळे देवालाच लागतील."

म्हातारीने हरणाला पुन्हा एकदा नमस्कार केला. मितेशचा चेहरा पडला.

"आणि मी, आजी?"

"तुझी सोंड बरी असते. सोंडा कर."

एवढे बोलून त्या पुढच्या वळणाकडे चालू लागल्या. तिथे त्याचा मोर होता, आणि त्याविषयीही त्यांना बरेच काही बोलायचे होते.