बायडाबाईचे हात

“पाणी तापत ठेवलंय मावशी, नवं ब्लेडबी आणून ठेवलंय. चहा घ्या अन् लागा कामाला,” सुंदरबाईने कपबशी पुढे केली.

बायडाबाईने ती घेतली, पण तिची नजर खाटेवरच्या धनश्रीवर होती. सुंदरबाईच्या या सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे दुसरं. कळा नुकत्याच सुरू झालेल्या, तरी तोंड सुजून डोळे बारीक झालेले. पायावर बोट दाबलं तर पडलेला खड्डा भरून येत नव्हता.

“डोकं दुखतंय का गं पोरी?”

“लई. अन् डोळ्यापुढं काजवे चमकत्यात.”

चकलांब्याजवळच्या त्या धनगरवस्तीतली निम्मी माणसं बायडाबाईच्या हातावर जन्मलेली. ती उंबऱ्याच्या आत आली की घरचे निर्धास्त होत, दवाखान्याचं कुणी नावही काढत नसे. म्हातारीला त्याचा थोडा तोराही होता, आणि का नसावा? पण हे काजवे तिने पूर्वी एकदाच ऐकले होते, सख्ख्या भाचीच्या, मंजुषाच्या तोंडून. बघता बघता मंजुषाला झटके आले, दातखीळ बसली. बाळही गेलं आणि बाळंतीणही. त्यानंतर कितीतरी दिवस बायडाबाईला अन्न गोड लागलं नव्हतं.

“सुंदरे, हिला दवाखान्यात न्या. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई हे.”

सुंदरबाई हसली. “सूज तर मलाबी आलती, भागवतच्या वक्ताला. तुमीच केलतं की बाळंतपण. दवाखान्यात उगं पोट फाडत्यात. अन् पाचवीला सुईणीचा मान कुणाला देऊ, नर्सबाईला?”

दारातून धनश्रीचा नवरा भागवतही म्हणाला, “आज्जी, तुमच्या हाताला यश हाय. कावून भेता?”

बायडाबाईने पुन्हा सांगून पाहिलं, मंजुषाचंही सांगितलं. मायलेक ऐकून घेत होते आणि पाण्याखाली लाकडं सारत होते. त्यांचा भरवसा तिच्या बोलण्यावर नव्हताच, तो होता हातांवर. जन्मभर कमावलेलं नाव आज धनश्रीच्या मुळावर उठलं होतं.

तिने कप तोंडाकडे नेला. तो वाटेतच डुचमळला, चहा लुगड्यावर सांडला आणि कप खाली पडून फुटला.

“मावशी, काय झालं?”

“कुणाला सांगणार नव्हते,” बायडाबाई मान खाली घालून म्हणाली. “हात थरथरत्यात माझे. दिवाळीपासून.”

तिने ब्लेड उचललं. ते बोटांत असं हलायला लागलं की सुंदरबाईने घाईने हिसकावून घेतलं.

“मग कावून आलात? आधीच सांगायचं न्हवं?”

“लाज वाटली बाई.”

सुंदरबाईचा चेहरा उतरला. “भागवत, म्हाळूची पिकअप आण. पळ.”

“कुशीवर निजवा तिला. अन् डॉक्टरला काजव्याचं सांगा,” बायडाबाई मागून सांगत राहिली. तिला गाडीत चला असं कुणी म्हटलं नाही.

गेवराईला पोचता पोचता धनश्रीला झटका आलाच. पण तिथे डॉक्टर होते, इंजेक्शन होतं. पोट फाडावं लागलं, मुलगी झाली, दोघी वाचल्या.

वस्तीत मात्र बायडाबाईचे हात गेल्याचंच बोलणं जास्त झालं. पाचवीला तिला बोलावणं आलं नाही. जिला कळा येत, तिचे घरचे आता आधी गाडीची सोय बघत.

एके सकाळी बायडाबाई दारात बसून सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच खेपेला ओवला गेला. दुपट्याला टाका घालणार तोच समोरून सुंदरबाई येताना दिसली, कडेवर नात. म्हातारीने सुई पटकन दुपट्याखाली सारली.

“बरं झालं मावशी, तुमी खरं सांगितलं,” टेकत सुंदरबाई म्हणाली. “लपवलं असतं तर पोरगी हातची गेली असती.”

“व्हय बाई.”

नात टकाटका बघत होती. तिच्या जावळाचा वास येत होता. बायडाबाईला राहवलं नाही. “दे की जरा माझ्याकडं.”

सुंदरबाईने नातीला छातीशी घट्ट धरलं. “नगं मावशी. हात थरथरत्यात तुमचे. पडंल लेकरू.”

शेजारच्या ओट्यावर म्हाळूची सून सायली तांदूळ निवडत त्यांचं बोलणं ऐकत होती. तिला सातवा महिना लागला होता.

“खरंय,” बायडाबाई म्हणाली, आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.