टाकीचं झाकण

माझा साडू कुणालाही आवडतो. मला त्याच्याबद्दल दुसरी कसलीच तक्रार करता येत नाही, आणि ही एक पुरेशी आहे.

माझी बायको थोरली, त्याची धाकटी, म्हणजे नात्याने मी मोठा. पण मी सासऱ्यांच्या दारात दिसलो की ते खुर्ची पुढे सरकवतात आणि म्हणतात, "या जावईबापू, बसा." तो दिसला की म्हणतात, "अरे, तो पाना घेऊन ये इकडे." बघणाऱ्याला वाटतं, थोरल्याला केवढा मान! मला विचारा. एकोणीस वर्षं झाली, मी त्या घरात पाहुणाच आहे. तो सात वर्षांत घरचा झाला.

सासऱ्यांना आम्ही दोघंही बाबा म्हणतो. त्यांची एक लाँच आहे, खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी. लाकडी, चोवीस माणसांची, मधोमध पेटीखाली कार्बुरेटरवालं जुनं पेट्रोल इंजिन. मी बोटी रंगवतो, साडू इंजिनं दुरुस्त करतो. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हापासून रविवारी लाँच मी चालवतो, आणि खरं सांगायचं तर आठवड्यातला तेवढा एकच दिवस मी स्वतःला आवडतो. ती लाँच आपल्या हातात यावी, एवढंच मला हवं होतं. हे मी कधी तोंडाने बोललो नाही, बायकोजवळही नाही. तिला अर्थात माहीत होतं.

या वर्षी मी ती पुरती रंगवून काढली. जुना रंग खरवडला, भेगांत लांबी भरली, निळ्याचे दोन हात मारले. लोक थांबून बघायचे. सासरे म्हणाले, "छान झालंय हं, जावईबापू." आणि पाण्यात उतरवून आठवडा होतो न होतो तोच लाँच आजारी पडली. धक्क्याला बांधलेली असताना अगदी ठणठणीत. पण पंधरा-वीस मिनिटं पळाली की दम सोडायची. थ्रॉटल कितीही पुढे ढकला, वेग म्हणून नाही. मग इंजिन खोकायचं आणि बंद पडायचं. जरा वेळ थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही.

सासऱ्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. आता आपल्याच्याने हे होत नाही, म्हणाले. हिचं दुखणं जो शोधील त्याने चावी घ्यावी आणि लाँच सांभाळावी. मुलींची लग्नं या माणसाने बघता बघता उरकली होती, लाँचचं मात्र स्वयंवर मांडलं.

पहिली पाळी साडूची. तो दोन दिवस इंजिनाशी बसला. प्लग बदलले, पॉइंट घासले, कॉइल नवी टाकली, फिल्टर नवा घातला. कार्बुरेटर उतरवून त्याचा एकेक भाग पांढऱ्या फडक्यावर मांडला आणि बारीक भोकांचे जेट धुऊन, उजेडासमोर धरून, एक डोळा मिटून बघितले. मी शेजारच्या बोटीचा कठडा रंगवत होतो, म्हणजे ब्रश हातात धरून त्याच्याकडे बघत होतो. त्याची बोटं कुठेही घाई करत नव्हती. सासरे त्याच्याजवळ डबा पालथा घालून बसले होते आणि दोघं हळू आवाजात काहीतरी बोलून हसत होते. मी रंग देत असताना ते असे कधी बसले नाहीत. रंग देण्यात बघण्यासारखं काही नसतं हे मला मान्य आहे, पण तरी.

रविवारी सकाळी आम्ही तिघं लाँच घेऊन निघालो. सुकाणूवर सासरे, इंजिनापाशी साडू, मागे मी. लाँच सुसाट पळाली. गेली चावी, मी मनात म्हटलं. आणि खाडीच्या मधोमध ती खोकली, दोन गचके दिले आणि बंद पडली. माझा जीव भांड्यात पडला.

साडू पेटीत डोकं घालून बसला. आतूनच त्याने मला टाकीत पेट्रोल किती आहे ते बघायला सांगितलं. टाकी मागच्या फळीखाली आहे, तिचं झाकण माझ्या पायाशी होतं. मी ते फिरवलं. सैल होताच टाकीने हवा आत ओढली, फुस्स करून, पाण्याखालून वर आलेला माणूस ओढतो तशी.

मला त्या क्षणी सगळं कळलं. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी आत हवा यावी लागते, नाहीतर टाकी पेट्रोल धरून ठेवते आणि इंजिन उपाशी मरतं. त्या हवेसाठी एक नळी असते. तिचं तोंड लाँचच्या बाहेरच्या अंगाला, करंगळीएवढं. त्यात रंग जाऊ नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली आणि दुसरा हात तिच्यावरूनच मारला गेला. मी कठड्यावरून वाकून बघितलं. निळा रंग इतका गुळगुळीत बसला होता की भोक कुठे होतं तेही दिसत नव्हतं.

"किती आहे, दादा?" साडूने विचारलं.

"अर्ध्याच्या वर," मी म्हणालो आणि झाकण पिरगाळून घट्ट लावलं.

टाकीला मिळालेल्या तेवढ्या हवेवर इंजिन चालू झालं. साडूला वाटलं, कार्बुरेटरवर दोन टिचक्या मारल्या म्हणून. पंधरा मिनिटांनी पुन्हा बंद. त्याने पुन्हा टाकी बघायला सांगितली. मघाशी तर बघितली, मी म्हणालो, पेट्रोल काय उडून जातंय? सासरे हसले. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर ते पहिल्यांदा मनापासून हसले असतील.

शेवटी एका मासेमारीच्या होडीने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. धक्क्यावर ओळखीचे सगळे उभे होते. सासऱ्यांनी त्यांच्यादेखत साडूला झाडलं. "गाढवा, दोन दिवस काय इंजिनाला गोष्टी सांगत होतास?" साडूची मान खाली गेली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच त्या 'गाढवा'चाही हेवा वाटला. मला ते तसं कधीच म्हणाले नसते. माझ्याकडे वळून ते म्हणालेच, "आता तुम्ही बघा, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी दुपारी, धक्क्यावर कुणी नसताना, मी सुरीच्या टोकाने पट्टी खरवडून काढली. भोकात तार फिरवली, कडेचा रंग नीट केला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. मग इंजिनाची पेटी उघडून दोन तास तेच ते चार स्क्रू काढत आणि लावत बसलो, कारण दहा मिनिटांत दुखणं सापडलं म्हणून कुणी विश्वास ठेवला नसता. संध्याकाळी लाँच सलग दीड तास पळाली. सासऱ्यांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. घरी बायकोने एवढंच विचारलं, "तुम्हाला इंजिनातलं कधीपासून कळायला लागलं?" मी तिच्यावर उगाचच खेकसलो.

दोन दिवसांनी साडू माझ्या शेडमध्ये आला. तोंड पाडून येईल अशी माझी अपेक्षा होती, इच्छा होती म्हटलं तरी चालेल. पण तो मनापासून खूश होता. बरोबर त्याची वही होती. प्रत्येक इंजिनाचं दुखणं तो तीत लिहून ठेवतो.

"काय सापडलं ते सांगा, दादा. लिहून घेतो."

पॉइंटच्या मागची वायर सैल होती, असं मी ठोकून दिलं. त्याने ते लिहिलं. लिहून झाल्यावर पेन तसंच धरून बसला. मग म्हणाला, ती वायर त्याने तीनदा तपासली होती. तीनदा बघूनही नजरेतून सुटते म्हणजे आता आपल्या हाताची खात्री देता येत नाही. पंपांच्या कारखान्यात एक जागा आहे, तिथे जोडणीचं काम घ्यावं असं ठरवतोय.

"रविवारी लोक नुसते हसले," तो म्हणाला. "उद्या माझ्या चुकीने कुणी भर पाण्यात अडकेल."

मला जे हवं होतं ते सगळं त्या बोलण्यात होतं. तो इंजिनं सोडणार, धक्का सोडणार, सासऱ्यांच्या शेजारचा पालथा डबा रिकामा होणार. पण तीनदा डोळ्यांनी पाहिलेली वायर त्याने माझ्या एका शब्दावर सैल मानली, ते मला सहन झालं नाही. सात वर्षं मी या माणसावर जळत आलो, पण त्याच्या हाताबद्दल मला कधी शंका आली नव्हती. त्या हातावरच तर जळत होतो.

"वायर ठीक होती," मी म्हणालो. "टाकीची हवा बंद होती. भोकावर मीच रंग मारला होता."

तो आधी बघतच राहिला, मग हसायला लागला. कार्बुरेटर बरोबर होता, कॉइल बरोबर होती, असं म्हणत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो. वाटलं, सुटलो.

मग त्याचं हसू थांबलं.

"त्या दिवशी झाकण तुम्ही उघडलं होतंत."

"हो."

"आवाज आला असेल."

"आला."

"मग परत घट्ट का लावलंत?"

बाबा तुझ्यापाशी बसतात म्हणून, मी सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही, आणि ते खरं होतं. त्याने वहीतली वायरची ओळ खोडली, तिच्याखाली खरं कारण लिहिलं आणि निघून गेला.

कारखान्यात तो गेला नाही. बाबांनाही त्याने काही सांगितलेलं नाही, हे मी त्यांच्या तोंडाकडे बघून रोज ताडून घेतो. आपण स्वतः सांगावं हे मला कळतं. पण मग चावी जाईल.

काल लाँच जरा जड चालत होती म्हणून मी त्याला बोलावलं. तो लगेच आला. पेटी उघडली, कार्बुरेटरचा स्क्रू धरून वाकला. इंजिन चालू ठेवून कुणीतरी थ्रॉटल एका जागी धरायला हवं होतं. मी हातभर अंतरावर उभा होतो. त्याने मान वर केली आणि धक्क्यावर बसलेल्या सासऱ्यांना हाक मारली.

"बाबा, जरा थ्रॉटल धरता?"

सासरे गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, एकेक पायरी खाली उतरले. लाँच हलत होती, म्हणून त्यांना आत घ्यायला मी हात पुढे केला. मग त्यांना जागा व्हावी म्हणून बाजूला झालो.